गेटपाशी थांबणारे काका

जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजणारे ते काका रोज सकाळी आमच्या गेटला हात टेकून थांबायचे. "काय करून राह्यल्या, बाई?" विचारायचे, पण उत्तराकडे लक्ष नसायचं. दोन मिनिटांनी पुढे निघायचे आणि चार घरं सोडून पुन्हा तीच चौकशी. मला माणूस भोचक वाटायचा. ते दिसले की मी चक्क दार लावून घ्यायची.

यंदाच्या थंडीत त्यांचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. पायाला रक्तच पोचत नव्हतं. गार पडला म्हणून त्यांनी तो शेकोटीला धरला, आणि भाजला तरी त्यांना कळलं नाही.

भेटायला गेले तेव्हा काकू आत चहा टाकताना म्हणाल्या, "थोडं चाललं का लगेच पोटरी भरून ये त्याहिची. कोनाले समजू नये म्हून थे बोलाले थांबत."

काल त्यांच्या घरावरून जाताना ते ओट्यावर एकटेच दिसले. मी फाटकाला हात टेकून थांबले. काही सुचेना, म्हणून विचारलं, "काय करून राह्यले, काका?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. घाईघाईने खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बसा, बाई, बसा. तुमची बी पोटरी भरून आली का?"