तिसरा हमाल

साळवे सर फोटो दाखवण्याआधी साबणाने हात धूत, पंच्याने कोरडे करत आणि मगच पत्र्याची पेटी उघडत. बघणाऱ्याला बजावत, "हात कडेला, नजर मधी." पेटीत मुंबईच्या गोदीचे जुने फोटो होते. जहाजे, क्रेन, धक्क्यावर जेवायला बसलेले कामगार. सरांचे वडील गोदीत हमाल होते. कचेरीने टाकून दिलेले हे फोटो त्यांनी सदऱ्यात गुंडाळून घरी आणले होते.

परतूरच्या शाळेत सर चित्रकला शिकवत आणि मी भूगोल. मी नकाशावर छडी ठेवून बंदरांची नावे पाठ करून घेई, मुले जांभया देत. सर एक फोटो काढत आणि तीच मुले विचारत, "सर, एवढं लोखंड बुडत कसं न्हाई?" मी समुद्र पाहिलेला नव्हता. हे फक्त सरांना ठाऊक होते आणि त्यांनी ते कधी कुणाला सांगितले नाही. मला त्याचाही राग येई.

खरा जळफळाट एकाच फोटोचा होता. कापसाच्या गाठी लादलेल्या हातगाड्या ढकलणारे पाच हमाल. सर तिसऱ्यावर काडी धरून म्हणत, "हा आपला बाप."

माझे वडील परतूरच्या जिनिंग-प्रेसमध्ये गाठींवर मार्का रंगवत. पत्र्याचा साचा ठेवून काळा रंग मारायचा आणि खाली अंगठ्याचा एक ठसा. "लिवता येत न्हाई, मंग ही आपली सही," म्हणत. त्या गाठी मुंबईहून जहाजाने जात. हे मी सरांना एकदा चहा पिताना सांगितले होते. वडिलांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. चेहरा आठवू गेलो की काळा अंगठाच आठवतो.

एक दिवस वर्गातच बोलून गेलो. "साळवे सर, पाचही जणांची तोंडं गाठीआड आहेत. तिसराच तुमचा बाप कशावरून?"

मुले हसली. सरांनी फोटो पेटीत ठेवला. "कशावरूनच न्हाई, पवार सर. एक तर धरावा लागतो ना?"

त्यानंतर पेटी शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत हाक मात्र रोजची, "चला पवार सर, जल्दी. च्या थंडा होऊन राह्यला." मी जाई, चहा पिई. माफी मागायचे राहून गेले. आम्ही निवृत्त झालो तरी राहूनच गेले.

गेल्या महिन्यात सर गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनींनी एक पाकीट आणि सरांचे भिंग पुढे केले. "तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं. आधी हात धुऊन घ्या म्हणे."

तोच फोटो होता. मागे पेन्सिलीने लिहिले होते: 'तुम्ही विचारल्यावर भिंग घेऊन बसलो. माझा बाप काही सापडला न्हाई. तुमचा सापडला. तिसरी गाठ, मार्क्याच्या खाली बघा.'

भिंग धरले. मार्क्याखाली अंगठा होता, किंचित डावीकडे कललेला, वडील टेकवत तसाच. जातानाही हा माणूस माझ्या पुढेच राहिला, हे आधी मनात आले. रडू त्यानंतर आले.

वहिनी वाकून बघत होत्या. त्यांनी विचारले, "ह्यात कोण हाय, भाऊजी?"

मी फोटो कडेला धरून त्यांच्यापुढे केला. "हे तिसरे आहेत ना, वहिनी, ते तुमचे सासरे."