बंदरावरची ओली भिंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या उकंडाने त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला, तोही परांचीवर चढून. चुन्याचं काम करणारा तो त्या भागातला शेवटचाच गवंडी. सगळीकडे सिमेंट आलं तसा त्याला कोणी बोलवेनासं झालं. बायको नलू जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा अतुल चाकणला नोकरीत. दोन खोल्यांच्या घरात दिवसभरात त्याचा आवाज निघायचा तो दुधवाल्याशी बोलताना.

बाभुळगावकडे एका जुन्या देवळाचा गिलावा तो करत होता, तेव्हा यवतमाळची प्राची तिथे मोजमापं घ्यायला आली होती. ती आर्किटेक्चर शिकत होती. तिने त्याचा नंबर घेऊन ठेवला आणि चार वर्षांनी मुंबईहून फोन केला. बंदराजवळ कापसाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली शंभर वर्षांपूर्वीची इमारत होती, तिच्या दुरुस्तीचं काम प्राचीकडे आलं होतं. मधल्या काळात कोणीतरी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं आणि त्यामुळे दगडच पापुद्रे सोडत होते. तिथे चुनाच हवा होता. उकंडाने दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

इमारत त्याला माणसासारखी, दुसऱ्याची काळजी घेणारी वाटली. खाली काळा दगड, वर पिवळा. रस्त्याच्या बाजूने कमानींचा लांबलचक व्हरांडा, म्हणजे गोदीत येणाऱ्याजाणाऱ्याला ऊन-पाऊस लागू नये. दारं इतकी रुंद की कापसाच्या गाठींनी भरलेली बैलगाडी सरळ आत जावी. सगळ्यात वर एक मोठं दालन होतं आणि त्याच्या छपराला उत्तरेकडे कललेल्या काचा. प्राचीने सांगितलं, इथे कापसाचे नमुने मांडून प्रत ठरवायचे, आणि उत्तरेच्या उजेडात रंग खरा दिसतो. उकंडाने हात पुढे केला. हाताची सावली पडली नाही. आपल्याकडचा कापूस इथे येऊन असा उजेडात पडत असेल, हे त्याला कोणालातरी सांगावंसं वाटलं. त्याने अतुलला फोन लावला. अतुल ड्यूटीवर होता, नंतर करतो म्हणाला.

मागच्या गोदामात मजुरांची राहायची सोय होती. बाकीचे बंगालचे आणि राजस्थानचे, आपापल्या गटाने रांधायचे, आपापल्या भाषेत हसायचे. त्याला ते काका म्हणत, मानाने वागवत, पण ताटाला ताट लावून कोणी बसलं नाही. तो आपली भाकर थापायचा आणि कमानीखाली बसून खायचा. सकाळी उठून चुना मळायची घाणी बघायची, गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं, दिवसभर बाहेरून सांधे भरायचे, आतून गिलावा करायचा. आठ-आठ दिवस कामापलीकडचं बोलणं व्हायचं नाही.

चौथ्या महिन्यात समुद्राकडच्या भिंतीने दगा दिला. दुसऱ्या मजल्यावर आतल्या बाजूने एका पट्ट्यात त्याने केलेला गिलावा सुटून खाली आला. पुन्हा केला, पुन्हा फुगला. कामावरचे इंजिनीयर म्हणाले, खारी हवा आहे, चुना इथे टिकणार नाही, सिमेंट लावून मोकळे व्हा. प्राचीचाही चेहरा पडला होता. उकंडाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आयुष्यात त्याच्या चुन्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

दोन दिवस तो त्या भिंतीसमोर बसून राहिला. मग उठला आणि भिंतीला बोट लावून जिभेवर ठेवलं. दहा हातांवर जाऊन तसंच केलं, मग पलीकडच्या खोलीत. इंजिनीयर बघत होते. त्याने प्राचीला हाक मारली.

"मॅडम, बाकी सगळी भिंत खारट हाये. इथलं पाणी गोडं हाये. हे समुद्राचं नाही, वरून येऊन राह्यलं."

"वरून कुठून, काका? वर तर छप्पर कोरडं आहे."

"भिंतीच्या पोटात काहीतरी हाये. एक दगड काढू द्या मले."

तिने नकाशे पाहिले. नकाशात काहीच नव्हतं. तरी तिने परवानगी दिली. उकंडाने सांधा कोरून दगड अलगद बाहेर काढला. आत बिडाचा पाइप उभा होता, फुटलेला. छपरावरच्या टाकीची गळती छपरात न मुरता जुन्या पन्हळीतून त्यात उतरत होती. बांधणाऱ्यांनी तो बाहेरून दिसू नये म्हणून भिंतीत लपवला होता आणि पुढच्यांना त्याचा पत्ताच नव्हता. इंजिनीयर म्हणाले, "मानलं बुवा." पाइप बदलला, भिंत महिनाभर वाळू दिली, मग त्याने गिलावा केला. या वेळी गिलावा टिकला.

काम संपवून तो ढाणकीला परतला. पारावर लोकांनी विचारलं, मुंबईत काय पाहिलं. तो भिंतीतल्या पाइपाचं सांगू लागला. ऐकणारे थोडा वेळ थांबले, मग एकाने विचारलं की कोणी नट दिसला का. उकंडा उठून घराकडे निघाला. अतुलला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबा, आता आराम करा."

पावसाळा लागल्यावर त्याचा जीव त्या भिंतीत अडकला. आषाढात त्याने प्राचीला फोन करून भिंत कोरडी आहे का विचारलं. ती दुसऱ्या कामावर कोकणात होती. कोणालातरी बघायला सांगते म्हणाली, आणि कामाच्या गडबडीत विसरली असावी. भादव्यात उकंडाने कोणाला न सांगता मुंबईची गाडी पकडली.

इमारतीत कचेऱ्या सुरू झाल्या होत्या. पहारेकऱ्याने नाव लिहून घेतलं आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊ दिलं. बाहेर पाऊस चालू होता. तिथे एक टेबल होतं, टेबलावर कोणाची तरी पर्स. उकंडाने भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. भिंत कोरडी होती.

टेबलवाली बाई आली, तिने विचारलं, कोणाला भेटायचंय. सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"कोणाले नाही," तो म्हणाला.

तो खाली उतरला. कमानींखाली बसची वाट बघणारे लोक दाटीने उभे होते. तोही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. शेजारची म्हातारी त्याला म्हणाली, "इथं बरं आहे हो, भिजायला होत नाही."

"हो," उकंडा म्हणाला, आणि स्टेशनला कोणती बस जाते ते त्याने तिला विचारलं.