श्री नसलेलं पत्र

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शकुन-अपशकुन मी कधी मानले नाहीत. मांजर आडवं गेलं तरी मी आपली पुढे जाणारी. म्हणून हे कुणाला सांगितलं नाही... वहीतच लिहून ठेवते.

न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला, ताईकडे मी आले ती तिच्या रोहनला सांभाळायला. तो बोलायचा इंग्रजीच, पण मराठी लिहायला मी शिकवलं. पत्राच्या वर आधी श्री काढायचं, म्हटलं. का, म्हणाला. मी म्हटलं, "त्याशिवाय पत्र निघत नाही."

तो हसला. "ओके मावशी, म्हणजे स्टॅम्प."

मोठा होऊन आर्मीत गेला. २००६ साली इराकमध्ये होता. ईमेल मला जमत नाही, म्हणून घरचं पत्र माझ्या नावाने, मराठीत लिहायचा. इथे एकाच गल्लीतली माणसं एकमेकांना मारतात, आम्ही मध्ये उभे – असं लिहायचा. आणि खाली, वाळू तुझ्या शिऱ्यासारखी दिसते, पण खाता येत नाही.

त्या दुपारी मेलबॉक्समधून पत्र आणलं. तारीख होती, नमस्कार होता, शिराही होता. वर श्री नव्हतं.

आपल्याकडे फक्त मयत कळवायच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. मी मानत नाही, पण ताई मानते. ती ऑफिसातून यायच्या आत मी पेन घेतलं आणि त्याच्यासारखंच, लांब शेपटीचं श्री काढलं. ताईने पत्र वाचून कपाळाला लावलं.

चौथ्या दिवशी युनिफॉर्ममधले दोघे दारात आले. रोहन आदल्या दिवशी गेला होता. मी त्यांना पाणी दिलं. गॅसवरचं दूध बंद केलं. रडू आलं नाही... अजूनही येत नाही.

पत्र ताईने देवघरात ठेवलंय. आल्यागेल्याला दाखवते. "बघा, श्री काढलंय. मन शांत होतं माझ्या पोराचं." मी चहा ओतत राहते.

विसरला असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण आधीच्या एकाही पत्रात विसरला नव्हता. आणि हे लिहिलं तेव्हा तो धडधाकट होता. श्री कधी लिहायचं नसतं, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. लहान पोराला काय सांगायचं, म्हणून राहून गेलं.

मग त्याला कुणी सांगितलं, ते मला आजही कळलेलं नाही.