माझ्या मनगटावरची तुळस

गोंदवून घ्यायच्या आदल्या दिवशी मी माझ्या डाव्या हाताची हजामत केली. तसं कुणी सांगितलं नव्हतं. केसांत सुई अडकत असेल, असा माझा आपला अंदाज. आरसा समोर ठेवला, साबणाचा फेस केला आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात असा गुळगुळीत केला की एखाद्या नवरदेवाची हनुवटी लाजावी. हात डोळ्यांसमोर असताना आरसा कशाला, असं बायकोनं विचारलं. मी आरसा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी गोंदणारीण आमच्या ओट्यावर टेकली. तिनं बोचकं सोडलं, आणि निवडायच्या भाजीतलं किडकं पान बाजूला टाकावं तसा माझा तो हात बाजूला सारला.

"बाप्या मानसाचा उजवा लागते, भाऊ. हा कायले कोंबडीवानी सोलून आनला?"

हा सगळा खटाटोप माझ्या बायकोच्या भाकरीसाठी होता. त्या वेळी वऱ्हाड प्रांत मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि सरकारी हुकूम नागपूरहून यायचे. आमच्या घरात मात्र हुकूम चालायचा तो आत्याचा. ती अकोल्याकडच्या खेड्यात शेती सांभाळून होती. माझी आई मी रांगत असतानाच गेली, तेव्हापासून आत्यानंच मला वाढवलं. मी अमरावतीला कापसाच्या जिनात कारकून झालो, लग्न केलं, भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. मग आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि अमरावतीच्या दवाखान्यात तो काढून घ्यायला ती आमच्याकडे आली.

आली त्या दुपारी बायकोनं ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. आत्यानं ताट जवळ ओढलं, बायकोचा हात धरला, डोळ्यांजवळ नेऊन उलटासुलटा पाहिला आणि ताट मागे सारलं.

"गोंदलेलं नाही वं तुह्या हाताले? लग्नात चुड्याखाली ध्यानात नाही आलं."

"नाही, आत्याबाई."

"मंग मले नाही चालत. राग नोको मानू. मेल्यावर तेवढंच तं संगं येते बाईच्या. कोऱ्या हातचं मी आजवर खाल्लं नाही."

तिनं ओट्याच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडली आणि अधू डोळ्यांनी स्वतःच्या भाकरी थापायला लागली. रोज बोटं भाजायची. बायको रोज तिच्या वाटणीची भाकर टाकायची, आत्या रोज नको म्हणायची, आणि ती भाकर शेजारच्या गाईला जायची. आठवड्यात गाईच्या अंगावर मास आलं. बायको गाईला भाकर घालून आली की जरा वेळ मागच्या दारातच उभी राहायची.

तिची अडचण मला ठाऊक होती. तिचे वडील अकोल्याला शाळामास्तर. थोरल्या मुलीचा हात गोंदल्यावर पिकला, पोरगी पंधरा दिवस तापात पडली, तेव्हापासून त्यांनी गोंदणारणीला दारात उभं केलं नव्हतं. बहिणीचा तो सुजलेला हात बायकोनं लहानपणी पाहिला होता. भीती खरी होती, आणि आत्याचा नेमही खरा होता. मधे मी होतो, आणि मधल्या माणसाला वाटतं तसं मलाही वाटलं की आपल्याला अक्कल आहे.

"आधी मी काढून घेतो," मी बायकोला म्हणालो. "तू समोर बस. दुखते का नाही, ते पाह्य. मग ठरव."

"तुमाले लस टोचली होती तवा तुमी कंपाउंडरचा सदरा फाडला होता," ती म्हणाली.

"तवा लहान होतो."

"मागल्या वर्षी?"

तर असा मी ओट्यावर बसलो, न सोललेला उजवा हात पुढे करून. मारुती काढू का विंचू, असं गोंदणारणीनं विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "जे हिच्या हातावर काढायचं, तेच माझ्या हातावर काढा. हिला कळलं पाहिजे." ती म्हणाली, सुनेच्या हातावर तुळस काढतात. म्हटलं, काढा तुळस.

काजळ पानाच्या रसात कालवून तिनं वाटीत ठेवलं होतं. तीनचार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. पहिल्या टोच्याला मी हसलो. दुसऱ्याला म्हटलं, काहीच नाही. वृंदावनाची पायरी होईपर्यंत मी भिंतीला टेकलो होतो. फांद्या फुटायला लागल्या तेव्हा गोंदणारीण गाणं म्हणत होती, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे मीही म्हणत होतो, फक्त माझ्या गाण्याला शब्द नव्हते. मंजिऱ्यांचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा गोंदणारीण माझ्या तोंडावर पदरानं वारा घालत होती आणि आत्या विचारत होती, "आहे का गेला?"

गोंदणारीण बायकोकडे वळली. "ये माय, आता तू."

बायको जागची उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं, सुयांकडे पाहिलं. "आज नाही," ती म्हणाली आणि हळद आणायला आत गेली. आत्यानं तोंड फिरवलं. गोंदणारीण सूपभर ज्वारी घेऊन निघून गेली.

पुढचे दिवस माझ्या सेवेत गेले. त्या दोन इंचांच्या तुळशीची जेवढी निगा आमच्या घरात राखली गेली, तेवढी दारातल्या खऱ्या तुळशीचीही कधी राखली गेली नसेल. सकाळ-संध्याकाळ हळद आणि खोबरेल. पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून आंघोळीला मी उजवा हात वर करून बसायचो आणि बायको तांब्यानं पाणी घालायची. वांगं बंद, आंबट बंद. जिनातल्या मंडळींनी बाही वर करायला लावली. "सासरी कधी चालली बाई?" असं एकानं विचारलं, आणि हंगाम संपेपर्यंत माझं तेच नाव पडलं. मग खपली धरली, आणि खाज अशी सुटली की मी टेबलाच्या कडेकडे प्रेमानं बघायला लागलो. खाजवायला हात गेला की बायको पळीनं मारायची.

खपली असतानाच आत्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. दवाखान्यात तिनं चार दिवस दुधावर काढले. दुधाला तिची हरकत नव्हती, कारण ते गाईच्या हातचं. मग डॉक्टरांनी घरी सोडलं, आणि बजावून सांगितलं की पट्टी सुटेपर्यंत पडून राहायचं, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. आणि अंगात ताकद यायला जेवण पोटभर पाहिजे.

चूल पेटवणं आता आत्याच्या हातात नव्हतं. मला वाटलं, आता तरी नेम मोडेल. बायकोलाही वाटलं असावं, कारण तिनं पीठ काढलं होतं.

आत्यानं खाटेवरून हाक मारली. "बाबू, तुह्या हाताले तुळस हाय ना?"

"आहे."

"मंग तूच रांध आन् तूच चार."

ती विनोद करत नव्हती. तिच्या नेमात हात बाईचा पाहिजे असं कुठं म्हटलेलं नव्हतं, गोंदलेला पाहिजे एवढंच होतं.

मी दोन दिवस रांधलं. माझी भाकर परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. ते मी तव्यावर जुळवून भाजायचो. पिठल्यात मीठ एकदा मी घातलं आणि एकदा विसरून परत मीच घातलं. बायको दारात उभी राहून बघायची. परातीला हात लावायची तिला बंदी होती, तोंडाला नव्हती. "अजी, ते पीठ हाय, सिमिट नोहे," असं काहीबाही चालू असायचं. घास भरवण्याआधी आत्या माझं मनगट चाचपायची, खपली बोटाला लागली की तोंड उघडायची. त्या चाचपण्यानं अशी खाज उठायची की घास तिच्या तोंडात जायच्या आधी दोनदा तिच्या नाकाला लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं चौथ्याच घासाला पुरे म्हटलं. गाल आत गेले होते. बायको मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "त्या आपला नेम मोडत नाही, तुमी भाकर शिकत नाही. म्हातारी मरन अशानं."

तिसऱ्या दिवशी भाकर तिनं केली. ताट मी नेलं. आत्यानं मनगट चाचपलं, घास घेतला, चावला, थांबली. परत चावला.

"हात तं तुहाच हाय. भाकर कोनाची?"

"माझीच."

"तुही असती तं मी अजून चावत असती."

दारात बायकोला हसू फुटलं. आत्याचेही ओठ हलायला लागले. मी घाबरून तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. "आत्या, हसू नको, डोळे जातील."

"मंग तू तोंड बंद ठेव," ती ओठ दाबून म्हणाली. हसू जिरेपर्यंत तिनं खाटेची कड धरून ठेवली. मग विचारलं, "ते तुळस त्या बाईनं कोनासाठी काढली होती?"

"हिच्यासाठी. हिला दाखवायला."

"मंग ते सूनबाईचीच झाली. तू फक्त हात देल्ला." तिनं तळवा पुढे केला. "बोलाव तिले. बाकीची भाकर तिच्या हातानं चारू दे."

बायको येऊन खाटेजवळ बसली. आत्यानं सवयीनं तिचं मनगट चाचपलं. ते कोरंच होतं. आत्याची बोटं तिथं जरा रेंगाळली, आणि तिनं तोंड उघडलं. त्या दुपारी ती अडीच भाकरी जेवली. मी गाईला सांगायला गेलो की उद्यापासून तुझं काही खरं नाही.

पट्टी सुटली, आत्याला दिसायला लागलं, आणि महिन्याभरानं आम्ही तिला बडनेरा स्टेशनावर गाडीत बसवून दिलं. टांग्यातून परत येताना मी बाही वर करून माझी तुळस बघत होतो. खपल्या झडून ती आता छान हिरवी उठली होती. मी बायकोला म्हटलं, खरं सांग, त्या दिवशी माझी हालत पाहून तू घाबरलीस ना?

"कायची घाबरते," ती म्हणाली. "मी तं हात पुढं कराले उठलीच होती. मंग तुमचं तोंड पायलं. म्हटलं, मीही आडवी झाली तं या मानसाले हळद कोन लावन?"