जोशीकाकांचा रूम टोन

जोशीकाकांची मुलाखत संपली होती. कॅमेरा मी चालूच ठेवला आणि त्यांना सांगितलं, आता तीस सेकंद बोलू नका, हलू नका.

याला रूम टोन म्हणतात. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, पंख्याचा, बाहेरच्या स्कूटरचा. मुलाखतीतली वाक्यं कापून जोडली की मधे भोकं पडतात, ती या आवाजानं बुजवायची. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी पीआरची व्हिडिओवाली. कोणी रिटायर झालं की त्याची पाच मिनिटांची फिल्म करायची आणि क्लबातल्या फेअरवेलला दाखवायची. सगळ्या सारख्याच. कारखान्यातल्या आपापल्या शॉपमधल्या आठवणी, साहेबांचे आभार. मला कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू.

दहा सेकंद झाले असतील. वेल्डिंग शॉपचे चार्जमन, म्हणजे सुपरवायझर, उभ्या नोकरीत एक शब्द जास्त न बोललेले जोशीकाका लेन्सकडे बघत म्हणाले, "मुग्धाला वाटतं, मी तिच्यावर रागावलोय."

मी कॅमेरा बंद केला नाही.

मुग्धा त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात असते. सात वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं, आणि त्याच वर्षी काकू गेल्या. लग्नाला काका गेले नाहीत. तेव्हापासून दिवाळीला दोन वाक्यांचा फोन, बस्स. म्हातारा हट्टी आहे, असं सगळी टाउनशिप म्हणायची. मीही म्हणायचे.

खरं असं होतं, काका सांगत गेले, की काकू गेल्यावर त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. लग्नाचं तिकीट काढलं होतं. हबीबगंज स्टेशनपर्यंत गेलेही. गाडी समोरून निघून गेली आणि ते बाकावर बसून राहिले. डिप्रेशन होतं. कंपनीच्या हॉस्पिटलात दाखवलं तर मेडिकल बुकात नोंद होणार, आणि आमच्याकडे मेडिकल बुक म्हणजे नोटीस बोर्डच. म्हणून दर महिन्याला ते बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटऱ्याच्या एका डॉक्टरकडे जायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, बिट्टन मार्केटला चाललोय. येताना खरोखर भाजी घेऊन यायचे. ते अकरा मिनिटं बोलले.

आमच्या पीआरच्या सक्सेना साहेबांनी ते फुटेज पाहिलं. डोळे त्यांचेही भरले, पण म्हणाले, "फेअरवेल है मॅडम. इतना हटा दीजिए."

मी काकांच्या क्वार्टरवर गेले. क्लबात दाखवायचं नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं. मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाले,

"मुग्धाला पाठवशील? फोनवर मला जमत नाही गं. तिचा आवाज ऐकला की दोन वाक्यांत फोन ठेवून देतो."

मी जीव ओतून एडिट केलं. अडखळणं, खाकरणं, चष्मा काढून पुसत बसणं, सगळं कापलं. साडेचार मिनिटांची देखणी फिल्म झाली. मुग्धाला पाठवली.

चार दिवस काहीच नाही. काका रोज काहीतरी निमित्त काढून ऑफिसात यायचे. विचारायचे नाहीत, नुसते माझ्या फोनकडे बघायचे. मलाच रडू यायचं.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज कोरडा.

"हे बाबांना तुम्ही लिहून दिलंत का? इतकं सलग ते कधीच बोलत नाहीत."

चूक माझीच होती. मी तासाभरात न कापलेली अकरा मिनिटं पाठवली.

रात्री पुन्हा फोन. आता आवाज कोरडा नव्हता. शनिवारी येतेय, बाबांना सांगू नका, एवढंच म्हणाली. मी अर्थातच सांगितलं. सात वर्षं वाट बघणाऱ्या माणसाला आणखी चार दिवस कशाला ताटकळत ठेवायचं?

फेअरवेलला ती पहिल्या रांगेत होती. पडद्यावर नेहमीचीच फिल्म, साहेबांचे आभार, टाळ्या. काका पडद्याकडे बघतच नव्हते.

चांगलं एडिटिंग दिसू नये, असं आम्हाला शिकवतात. माझ्या एडिटिंगमध्ये माणूसच दिसेनासा झाला होता.