माशीच्या कपाळावरचे पाय

शहापूरच्या बाजारात माझी केळ्यांची गाडी. चांगला घड सोडून काळी पडलेली केळी मागणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं, कॉलेजातल्या म्याडम. पहिल्याच दिवशी माझी बायको यशोदा फणकारली, "बकरीला का गो बाई?" म्याडम म्हणाल्या, "माशांना, मावशी." आम्हाला वाटलं, डोकं फिरलंय.

डोकं जागेवर होतं. केळी कुस्करून बाटलीत घालायच्या, कापसाचा बोळा लावायच्या आणि फळावरच्या बारीक माशा पाळायच्या. कुणी काही ठोकून दिलं की भिंग पुढं करायच्या. "आधी बघा, मग बोला." प्राचार्यांनाही हेच, मलाही हेच.

आमचं एकच मूल. जन्मलं ते पाठीत वाकडं, बरगड्या एकमेकींना चिकटलेल्या. लगेच गेलं. मुरबाडकडं गावात माझ्या थोरल्या भावानं, दादानं, चारचौघांत सांगितलं, "ग्रहणात हिनं विळीवर भोपळा चिरला." तेव्हापासून यशोदाला कुणाच्या ओटीला बोलावणं नाय, कुणाचं बाळ मांडीवर नाय. म्हातारी झाली तरी नाय.

हे ऐकून म्याडम आम्हाला तडक कॉलेजात घेऊन गेल्या. "माशीच्या अंड्यात आधी पट्टे आखले जातात," त्या म्हणाल्या. "डोकं इथं, छाती इथं, पोट इथं. आखतात ती जनुकं, आईबापाकडून आलेल्या बारीक सूचना. कुठल्या पट्ट्यावर काय फुटायचं तेही त्याच सांगतात. एक बिघडली की हे बघा." भिंगाखाली माशी होती. कपाळावर मिशांच्या जागी पाय फुटलेले.

यशोदानं विचारलं, "आन् माणसात?"

"माणसातही जनुकं असतात. तुमच्या बाळात नेमकं काय बिघडलं, ते मला सांगता येणार नाही. पण विळी तिथवर पोचत नाही, मावशी."

यशोदानं पुन्हा भिंगाला डोळा लावला. मग म्हणाली, "हिच्या आयशीनं काय चिरलं व्हतं, इचारा तुमच्या दादाला." आणि हसली. तशी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

भातकापणीत यशोदा वारली. दादा तेराव्याला जेवला, पण तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाय.

पुढं दादाच्या नातसुनेला ग्रहणभर अंधाऱ्या खोलीत बसवलं, तरी पोराला सहावं बोट आलं. माझ्या काळजाला गार वाटलं. म्याडमना म्हटलं, "बारशाला जातो आन् त्या पोरीला सगळ्यांपुढं उभी करतो."

म्याडम कडाडल्या, "मावशीला केलं तेच तिला? भांडायचं तर दादाशी भांडा. पोरीकडं बोट दाखवलंत तर तुमची केळी मला नकोत." आणि तसल्या पाय फुटलेल्या माशांची बाटली नि भिंग हातात दिलं.

बारशाला दादा बायांना सांगतच होता, "पोरीनं सुई हाताळली असंल." मी बाटली त्याच्या मांडीवर ठेवली, भिंग हातात दिलं. "आधी बघ, दादा, मग बोल. ह्या माशीच्या आयशीनं काय चिरलं? सांग सगळ्यांना, यशोदाचा दोष नव्हता म्हून."

त्यानं बघितलं आणि बाटली मांडीवरून खाली ठेवली. नातसून उठली, पाळण्यातलं पोर उचलून माझ्या मांडीवर दिलं. "यशोदाआजीच्या वाटचं तुमी घ्या, आजोबा."

म्याडम निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या. जाताना त्या माशांचं वाण मला दिलं, बाटल्या भरायला शिकवलं. म्हणाल्या, "आता दादाशी भांडण पुरे करा, काका."

त्यांचं सगळं ऐकलं, एवढं ऐकलं नाय. मुरबाडच्या दर बाजाराला एक ताजी बाटली दादाच्या ओट्यावर ठेवतो. तो दार लावून घेतो. लावू दे. माझ्याकडं केळी रोजच काळी पडतात.