नावाच्या जागी प्रश्नचिन्हं

आमच्या कारखान्यात आंब्याचा पल्प आणि कोकम सरबत तयार होतं. रत्नागिरीतून आमचा माल पार युरोपात, व्हिएतनामात जातो. गिऱ्हाइकांच्या नावापत्त्यांचा डेटाबेस मीच बनवलेला. गेल्या वर्षी पोलंडची एक जुनी गिऱ्हाईक बाई पहिल्यांदाच कारखाना बघायला येणार होती. दारात स्वागताचा फलक लावायचं ठरलं. मी डेटाबेसमधून तिचं नाव उचललं आणि छापायला पाठवून दिलं.

ती गाडीतून उतरली तेव्हा शेठ सरबताचा ग्लास घेऊन उभे होते. फलकाकडे नजर जाताच माझ्या कानाशी पुटपुटले, "हे काय छापलंस गो?"

तिच्या नावात मध्येच प्रश्नचिन्हं होती. पडद्यावर मी ती इतकी वर्षं बघत होते की मला दिसेनाशीच झाली होती.

बाई हसली. इंग्रजीत म्हणाली, "असू द्या. माझ्या दुकानात येणाऱ्या तुमच्या खोक्यांवरही असंच असतं. कुरिअरवाला आता ओळखतो मला." मग माझ्याकडे वळून तिने माझं आडनाव घेतलं. त्यातला 'ळ' अगदी स्वच्छ.

"येताना सराव केला," ती म्हणाली. "चुकलं का?"

"नाही," एवढंच बोलले. वर बघायची हिंमत झाली नाही.

ती गेल्यावर डेटाबेस उघडला. नावाचा रकाना फक्त इंग्रजी अक्षरं धरेल असाच मी केला होता. अनोळखी अक्षर आलं की त्याचं प्रश्नचिन्ह व्हायचं. रकाना युनिकोडचा, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं धरणारा, करणं फारसं अवघड नव्हतं. पण गेलेली अक्षरं परत येणार नव्हती. कुठल्या अक्षराच्या जागी ते चिन्ह बसलंय, याची खूण कुठेच नव्हती.

"मग आता?" शेठनी विचारलं.

"सगळ्यांना विचारायला लागेल."

"इतक्या वर्षांनी? तुमचं नाव काय म्हणून?"

मग एकेकाला माझ्याच नावाने मेल लिहिली, माफी मागून.

उत्तरं आली. काहींनी थट्टा केली. व्हिएतनामच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या मेलवरून त्यांच्या मुलीने लिहिलं होतं, "बाबा गेले. दुकान आता मी बघते. खातं मात्र त्यांच्याच नावावर राहू द्या. नाव असं लिहितात." खाली अक्षरांच्या डोक्यावर, पायाशी बारीक खुणा असलेलं नाव होतं.

मी ते डेटाबेसमध्ये घातलं. पडद्यावर नीट उमटलं, लेबलवर मात्र खुणांच्या अक्षरांऐवजी चौकोन आले. फॉन्ट बदलून पुन्हा छापलं तेव्हा कुठे एकेक खूण जागेवर बसली. ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं माल पाठवत होते, त्याचं नाव पहिल्यांदाच वाचत होते.

तिला सांत्वनाचे दोन शब्द लिहायला घेतले. सुरुवातीला तिच्या बाबांचं नाव हवं होतं. ते मला अजून लिहिता येत नव्हतं, तिच्याच मेलमधून उचलावं लागलं.